आधी दुखण्याच्या शेजाऱ्यांना विचारा

माझी बायको मालिश करते हे कळलं की समोरचा माणूस, मग तो कितीही सभ्य असो, एक डोळा बारीक करून म्हणतो, "मग काय, तुमची मजा आहे!" मी नुसता हसतो. खरं सांगून त्याचा हिरमोड कशाला करायचा? खरं हे की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पाठीला तिचा हात लागला तो बहुतेक वेळा "सरका तिकडे" म्हणण्यासाठीच. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, आमच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या घरात त्या अंधारात मी बसलेला असतो, मान आखडून.

बरं, तिच्यासमोर "मालिश" हा शब्द काढायची सोय नाही. बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर तिची आत्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची आणि त्याबद्दल घरोघरचे तांदूळ पदरात बांधून आणायची. बायकोने लहानपणी हे काम तिच्याकडून उचललं. पुढे बदलापुरात संसार थाटल्यावर तिने कल्याणला जाऊन एक कोर्स केला, सर्टिफिकेटला फ्रेम केली, ती टीव्हीच्या वर टांगली आणि कार्डं छापून घेतली. त्यावर नावाखाली "मसाज थेरपिस्ट" आणि त्याखाली "फक्त महिला व लहान मुलांसाठी". म्हणजे मी त्यातही बसत नाही. कोर्समध्ये ती नवीन काय शिकली ते मला ठाऊक नाही, पण तिथून आल्यापासून ती कुणाचं काही दुखतंय असं म्हणत नाही, मसल टाईट आहे म्हणते. गिऱ्हाइकं मात्र बधत नाहीत. दार उघडणाऱ्या सुनेला ही दरवेळी बजावते, "थेरपिस्ट म्हण गं," आणि ती सून "सॉरी हां मावशी" म्हणून आत तोंड करून ओरडते, "मम्मी, मालिशवाली आली!"

हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकतो, कारण मी तिचा ड्रायव्हर आहे. अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. निवृत्त झालो तेव्हा हारतुरे झाले, नारळ मिळाला, आता आराम करा असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तेलाची पिशवी घेऊन मागे बसली. तेव्हापासून सकाळी अंबरनाथ पश्चिमेला एक-दोन घरं, मग शिवमंदिराकडे, आणि दुपारनंतर उल्हासनगर, असा माझा आराम चालू आहे.

आत मला प्रवेश नाही, त्यामुळे मालिश कशी होते ते मी कधी पाहिलं नव्हतं. मला माहीत होता तो दारातला सल्ला. हिचा खरा दवाखाना दारात चालतो. एक चप्पल पायात, दुसरी हातात, आणि मी जिन्यात हेल्मेट घेऊन उभा. मालिश एक तासाची असेल तर चपला घालण्याचा कार्यक्रम अर्धा तास चालतो. "उशी पातळ घ्या. उशी डोक्याखाली ठेवायची असते, त्यावर चढून बसायचं नसतं." "मोबाईल डोळ्यांपर्यंत उचला, मान मोबाईलपर्यंत नेऊ नका." शिवमंदिराबाहेर बेल-नारळाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना ती सांगत होती, "मांडी घालून दिवसभर बसू नका, मधूनमधून पाय मोकळे सोडा. महादेव सगळं देईल, गुडघे नवीन देणार नाही." त्या बाईंनी लगेच देवळाच्या दिशेने हात जोडले, हिच्या बोलण्याबद्दल माफी मागायला असेल.

आणि सगळ्यांना न चुकता सांगायचं ते हे: "आंघोळीआधी आपल्या पायांना आपणच थोडं तेल लावा. बिचारे दिवसभर आपल्याला उचलतात. त्यांची कुणी विचारपूस करायची, शेजाऱ्यांनी?"

शेजारी हा तिचा आवडता शब्द आहे. तिचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. दुखतं तिथे थेट हात घालायचा नाही, आधी दुखण्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं. मान धरली असेल तर खांद्याच्या खालून सुरुवात करायची. अंगठा दुखत असेल तर कोपराजवळून. "शेजारी सैल झाले की दुखणं आपणहून दार उघडतं," असं ती म्हणते. बायका मान डोलावतात. मीही जिन्यात डोलावतो, तेवढीच माझ्या मानेला मालिश.

घरी मात्र माझ्या वाट्याला फक्त सल्ला येतो, हात नाही. मी आडवं पडून पेपर वाचला तर, "मणके सरळ करायचे पैसे वेगळे पडतील." मी खुर्चीत बसलो तर, "मागच्या खिशातलं पाकीट काढा आधी. त्याच्यावर बसून बसून कंबर वाकडी झालीय. तेवढं जाड तरी असतं तर समजले असते!"

अशा या बाईच्या हातून एक दिवस चहाचा कप पडला.

कप पडतात, त्यात काय. ती म्हणाली, साबण हल्ली फार बुळबुळीत येतो. मग पाण्याचा तांब्या पडला. त्याला साबण लागला नव्हता, तेव्हा तांब्याच वेडावाकडा आहे असं ठरलं. मग कुकरचं झाकण पडलं, तेव्हा मी विचारलं, तर मीच मागून अचानक बोललो म्हणून पडलं. झोपेत ती उजवा हात झटकायची, झुरळ झटकावं तसा. विचारलं तर म्हणायची, "मुंग्या आल्यात. रक्त फिरलं नाही की येतात. हात चालता राहिला की आपोआप बरं होतं." आणि हात चालता राहावा म्हणून तिने दोन घरं आणखी धरली. दुसऱ्या कुणा बाईने असं केलं असतं तर हिने दारात उभं राहून तिला अर्धा तास झापलं असतं.

त्याच सुमारास आमच्या लेकीची गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. बायको त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. जुन्या सुती साड्या काढून तिने लंगोट आणि दुपटी शिवायला घेतली. खोबरेल तेल माहेराहून मागवलं, कारण दुकानातलं तेल लोकांच्या नातवंडांना चालतं, आपल्या नाही. "अहो, अर्ध्या बदलापूरची पोरं माझ्या पायांवर लोळून मोठी झाली," ती म्हणायची. "आता माझं स्वतःचं येतंय." हे म्हणताना ती दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघायची. मीही बघायचो आणि मला कुकरचं झाकण आठवायचं. तेल लावलेलं तान्हं बाळ किती निसटतं असतं हे तिला सांगायची गरज नव्हती, आणि मला ते तिच्याकडूनच कळलं होतं. त्यामुळे आम्ही दोघंही त्यावर काही बोलत नव्हतो.

बोलली ती उल्हासनगरची मॅडम. ही तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, सिंधी बाई, कपड्यांचं दुकान आहे, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. तिच्याकडे गेलं की जिन्यात उभ्या असलेल्या मलाही पापड आणि पाणी येतं. पापड भाजलेलाच, कारण तळलेला हिने बंद करवलाय. त्या दिवशी पापड आला नाही, मॅडम स्वतःच बाहेर आली. गाऊनवर तेलाचा हा मोठा डाग.

"भाईसाहब, इसका हाथ देखो पहले," ती म्हणाली. "हाथ से कटोरी गिर गई और इसको मालूम ही नहीं! मैंने बोला तेल गिरा, तब नीचे देखा."

"वाटीलाच तेल लागलं होतं," आतून हिचा आवाज आला.

"सुना? मला रोज बोलते, मॅडम, खुद को टाईम दो, खुद को देखो. आणि स्वतः? चल, चप्पल पहन. मेरी भतीजी का क्लिनिक पीछे की गली में है."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बायकोने दारात उभं न राहता चप्पल घातली.

ती भाची म्हणजे नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालेली मुलगी, आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिने हिला अंगठा आणि करंगळी एकमेकांना घट्ट लावून धरायला सांगितलं आणि मग स्वतःच्या एका बोटाने ती पकड हळूच सोडवली. अगदी सहज सुटली. भल्याभल्या बायकांच्या पाठी कणकेसारख्या मळणारा तो हात, आणि एका बोटाने सुटला. बायकोने पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा सुटला. मला ते बघवलं नाही, मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिलो.

"आंटी, कलाई में नस दब रही है," मुलगी म्हणाली. "काम थोडे दिन पूरा बंद. रात को ये पट्टा बाँधके सोना. और जहाँ दुखता है वहाँ दबाना नहीं, पहले कोहनी के पास से ढीला करना."

मला हसू आवरेना. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की ते आवरलं.

"हे मीच सांगते लोकांना," ती मुलीला म्हणाली.

"तो आंटी, आप लोगों में नहीं आतीं क्या?"

यावर हिने पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. हिला कुणी असं पकडण्याची वेळ फार क्वचित येते, म्हणून मी ती नीट बघून घेतली. मग हिने एकच प्रश्न विचारला, हळू आवाजात आणि हिंदीत, म्हणजे विषय गंभीर. "मेरी बेटी की डिलिव्हरी है. बच्चे को नहलाना है. तब तक हो जाएगा ना?"

मुलगी खरं बोलणारी होती. म्हणाली, आराम केलात तर सुधारेल, पण पकड पूर्ण कधी येईल ते आत्ताच सांगता येणार नाही. पुढे बदलापुरात डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. त्या दिवशी उल्हासनगरहून येताना हिने स्कूटरवर एकदाही मला सरळ बसायला सांगितलं नाही. खड्डा आला तरी नाही. मला खड्ड्यापेक्षा त्याचीच काळजी वाटली.

आता पट्ट्याची गोष्ट. मनगटाला आधार देणारा तो पट्टा, आतून पत्र्याची पट्टी आणि बाहेरून करकर आवाज करत चिकटणारा. हिने पहिले काही दिवस निमूटपणे बांधला. मग तो सारखा सुटायला लागला. सकाळी बघावं तर पट्टा उशीखाली आणि मनगट मोकळं. मला वाटलं झोपेत काढते. एक दिवस मी तो हातात घेतला आणि वास आला. खोबरेल! कडा टोचतात, करकरीत लागतं, म्हणून या बाईने पट्ट्याला तेल लावलं होतं. नुसतं लावलं नव्हतं, चांगलं चोळून मुरवलं होतं. चिकटणारा भाग आता इतका मऊ झाला होता की कशालाही चिकटेना. सगळ्या जगात ही चूक एकच माणूस करू शकतो आणि तो माझ्या घरात आहे.

नवीन पट्टा घ्यायला गेलो तेव्हा त्या मुलीने जुना नाकाशी नेला. "आंटी," ती म्हणाली, "इसको भी मसाज दिया?"

काम बंद झालं आणि बायको घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, तर जो सल्ला रोज सगळ्या घरांत वाटला जायचा तो सगळा माझ्यावर आला. भांडी, केर, कणिक सगळं माझ्याकडे, आणि प्रत्येकावर देखरेख. "केर काढताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका." "ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा." "कणिक खांद्याने मळा, बोटांनी काय मळताय, माझ्यासारखी गत करून घ्यायचीय का?" शेवटचं वाक्य बोलून ती स्वतःच्या पट्ट्याकडे बघत बसली. मी कणकेत आणखी पाणी घातलं आणि कणिक बिघडवली, मग तिला ओरडायला विषय मिळाला आणि घर पुन्हा नीट चालू झालं.

तिच्या हाताला रोज कुणीतरी हलकं तेल लावून तो सैल करायला हवा होता. तिने स्वतःच डाव्या हाताने करून पाहिलं, तर डाव्यातही मुंग्या सुरू झाल्या. शेवटी एका दुपारी चहा झाल्यावर तिने गॅलरीत तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि दुसरीकडे बघत हात पुढे केला. मी थेट मनगट धरलं.

"शेजारी!" ती ओरडली.

खाली पार्किंगमधल्या शेजाऱ्यांनी वर पाहिलं. मी कोपराकडे सरकलो.

माझ्या हाताला दोनच दाब येत होते. एकाला ती म्हणायची, "अहो, लिंबू पिळताय का?" आणि तो कमी केला की म्हणायची, "आता काय गुदगुल्या करताय?" या दोहोंच्या मध्ये काहीतरी आहे असं तिचं म्हणणं, आणि मला ते सापडत नव्हतं. कारखान्यात मी पिंपं मोजली होती, दाब नाही. पण रोज दुपारी लिंबू आणि गुदगुल्या खात खात बसलो. हळूहळू कळायला लागलं की तिच्या हातात कुठे गाठ बसलीय, कुठे त्वचा तेल पटकन पिते, कुठे तिला दुखतं पण ती सांगत नाही. इतकी वर्षं हा हात मी रोज पाहत होतो, जेवताना, भांडताना, टाटा करताना. तो असा कधी हातात घेऊन बसलो नव्हतो. तळव्याच्या मध्यभागी तो किती मऊ होता हे मला आत्ता कळलं. मी हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "तेल लावा, कविता नको."

लेक दिवस भरत आले तशी आली. आईचा पट्टा तिने पाहिला, गॅलरीतला आमचा कार्यक्रम पाहिला, हसून हसून पोट धरलं, आणि मग एका दुपारी सरळ म्हणाली, "आई, आपण बाई लावू ना. पाड्यावरची ती तुझ्या ओळखीची, तिला तर तूच शिकवलंयस."

"बाई?" बायको म्हणाली. "अख्खं गाव मला बोलावतं आणि माझ्या घरात दुसरी बाई येणार?"

"अगं, पण तुझा हात..."

"हाताला काय झालंय? बरा आहे हात."

बायको उठली आणि लंगोटांच्या घड्या घालायला बसली. त्या घड्या आधीच घातलेल्या होत्या. तिने एकेक मोडली आणि पुन्हा घातली. हात बरा होत होता हे खरं. मुंग्या कमी झाल्या होत्या, कप पडत नव्हते. पण भरलेला तांब्या ती अजून दोन्ही हातांनी उचलत होती, आणि मी बघतोय असं वाटलं की एका हाताने.

नात झाली. काळंभोर जावळ, मूठ घट्ट मिटलेली, आणि आवाज उल्हासनगरच्या मॅडमच्या तोडीचा. नाळ पडेपर्यंत बायकोने कशीबशी कळ काढली. मग एका सकाळी तिने जाहीर केलं, आज नातीची तेल लावून आंघोळ.

न्हाणीघरात पाट मांडला. तेल कोमट करून वाटीत काढलं. पाण्यात हात घालायला गेलेल्या लेकीला तिने थांबवलं, "हात नको, कोपर घाल. हाताला काही कळत नसतं." ओव्याची धुरी द्यायची की नाही यावर मायलेकींची आधीच वादावादी होऊन धुरी हरली होती. बायको पाटावर पाय पसरून बसली, पट्टा बाजूला ठेवला, आणि लेकीने बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. मी दारात उभा, माझ्या नेहमीच्या जागेवर. फक्त हेल्मेट तेवढं नव्हतं. लेक मोबाईलवर शूटिंग करत होती. "मोबाईल वर उचल, मान वाकवू नकोस," बायको बाळाकडे बघत म्हणाली.

तिने छातीवर तेल लावलं, हातांना, पायांना. काय सांगू, ती फार सुंदर दिसत होती. बाळ रडायचं थांबून तिच्या तोंडाकडे टकामका बघत होतं. आता त्याला पालथं करायचं होतं. बायकोने एक हात मानेखाली घातला, दुसरा पोटाशी नेला, आणि थांबली.

ती फार वेळ थांबली नसेल. पण मी गॅलरीत रोज तो हात धरून बसलेला माणूस. अंगठा कसा ताणलाय आणि मधली दोन बोटं कशी नुसतीच टेकलीयत, ते मला दारातून दिसलं. तिने बाळ उचललं नाही. मानेखालचा हात अलगद काढून घेतला, दोन्ही तळवे बाळाच्या दोन बाजूंना कुंपणासारखे ठेवले आणि म्हणाली, "अहो. इकडे या. बसा."

"मी?"

"मग कोण, जिन्यातला वॉचमन?"

आमच्याकडे पुरुषांनी बाळाच्या आंघोळीला बसायची रीत नाही. बाप गरम पाणी आणून देतो आणि आजोबा बाहेरून "रडतंय का?" विचारतो, तेवढाच आमचा वाटा. लेकीने बाळ क्षणभर उचलून घेतलं, बायको उठली आणि मी लेंगा गुडघ्यांपर्यंत वर करून पाटावर बसलो. बायकोने माझ्या नडग्यांकडे पाहिलं, "टोचतील पोरीला" म्हणाली आणि त्यांवर दुपटं अंथरलं. मग बाळ माझ्या पायांवर आलं. त्याला वजनच नव्हतं. मला घाम फुटला होता.

"एक हात मानेखाली. आता दुसरा पोटाखाली. घाबरू नका, पोरीला कळतं. फिरवा." मी फिरवलं. ती पालथी झाली. तिची इवलीशी पाठ माझ्यासमोर होती. मी हात ठेवला आणि लिंबू किंवा गुदगुल्या ऐकायला तयार झालो.

बायको माझ्या शेजारी ओल्या फरशीवर बसली होती. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हं." एवढंच. मी कमरेकडून वर गेलो, खांद्यांवरून बाहेर, जसं तिच्या हातावर जायचो तसं, फक्त आणखी हलकं. बाळाने एक लांब सुस्कारा सोडला आणि माझ्या पायांवर मोकळं झालं. लेकीचा मोबाईल कधी खाली आला कुणास ठाऊक, ती डोळे पुसत होती. पाणी बायकोने घातलं. तांब्या दोन्ही हातांनी धरून, अर्धाच भरून, आणि या वेळी मी बघत असतानाही.

आंघोळ करून बाळ दुपट्यात गुंडाळलं गेलं आणि आईच्या कुशीत झोपलं. मी वाटी उचलून ठेवायला गेलो तर तळाशी थोडं तेल उरलं होतं. बायको गॅलरीत भिंतीला टेकून खाली बसली होती, ओल्या साडीत. मी तिच्याजवळ बसलो आणि तिचा उजवा हात ओढून घेतला. कोपराजवळून सुरुवात केली, तिने सांगायच्या आधी.

"निसटली असती हो माझ्या हातातून," ती म्हणाली.

"म्हणून तर मला हाक मारलीस."

"मला वाटलं होतं, तिला हातात घेतलं की हात आपोआप ऐकेल." तिने ओल्या पदराने डोळे पुसले. "माझं स्वतःचं माणूस आहे ना ते."

धीराचं बोलावं तर ते माझं खातं नाही. मी म्हणालो, "उद्या मी मागच्या खिशातलं पाकीट काढून बसेन." ती रडता रडता हसली, आणि हसताना पुन्हा रडली.

मी कोपराकडून खाली येत मनगटापाशी पोचलो. आता लिंबू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. दाब हलका केला, गुदगुल्याही आल्या नाहीत. वर बघितलं तर तिचे डोळे मिटलेले होते आणि हात माझ्या हातांत पूर्ण सैल पडला होता. इतक्या वर्षांत तिने आपला हात असा माझ्यावर सोडून कधी दिला नव्हता. मी दाब तेवढाच ठेवला आणि वाटीतलं तेल संपेपर्यंत थांबलो नाही.